न वाजवलेल्या हॉर्नची माफी

आमच्या घरी १९६४ सालची अँबॅसडर आहे. थोरल्या काकांनी वकिलीच्या भरभराटीच्या दिवसांत ती घेतली आणि पुढे डोळ्यांनी दगा दिल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवली. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, त्याच वर्षी आमच्या गाडीने पन्नाशी गाठली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र तिला रोजच्या कामासाठी रस्त्यावर काढायचे नाही, अशी अट आहे. आमची गाडी ही अट नोंदणीवाचूनही निष्ठेने पाळते.

जुनी मोटार सांभाळणाऱ्यांची एक निराळीच जमात असते. दोघे भेटले की बोलणे कार्ब्युरेटरपासून सुरू होते आणि तासाभराने हॉर्नवर येते, कारण हॉर्नचे किस्से प्रत्येकाजवळ असतात. कोणाचा हॉर्न पावसाळ्यात आपोआप कण्हू लागतो, कोणाचा डावीकडे वळताना वाजतो आणि उजवीकडे वळताना गप्प राहतो, कोणाचा मध्यरात्री बंद गॅरेजमध्ये सुरू होऊन सारी गल्ली जागी करतो. हे किस्से हसत सांगायचे आणि हसत ऐकायचे, असा संकेत आहे. माझ्याजवळही असे दोन-तीन आहेत आणि ते मी पुष्कळदा सांगितले आहेत. येथे सांगणार आहे तो त्यांतला नव्हे.

आधी थोडे यंत्राविषयी. विजेच्या हॉर्नमध्ये पोलादाचा एक पातळ पडदा असतो. विद्युतचुंबक त्याला ओढतो, ओढताक्षणी संपर्क तुटतो, पडदा मागे येतो, संपर्क पुन्हा जुळतो. सेकंदाला काही शे वेळा हे घडते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. चालकाच्या हाताखालचे बटन फक्त परिपथ पुरा करते. त्या बटनाची तार स्टीअरिंगच्या पोकळ दांड्यातून खाली उतरते. वर्षानुवर्षे चाक फिरून फिरून तारेवरचे आवरण झिजते आणि एके दिवशी उघडी तार दांड्याच्या लोखंडाला टेकते. माणसाचे बोट आणि गंजके लोखंड यांतला फरक यंत्राला कळत नाही. परिपथ पुरा झाला, की ते ओरडते.

१९९८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमारास छत्री चौकातून मी ढाबा रोडकडे वळत होतो. पुढे चक्रतीर्थाकडे निघालेली एक अंत्ययात्रा होती. मी गाडी पुष्कळ मागे ठेवली होती, आणि थोडे पुढे जाऊन कडेला उभे राहावे असे मनात होते. त्यासाठीच चाक फिरवले, आणि हॉर्न सुरू झाला. तो थांबेना. बटनावर मुठी मारल्या, चाक उलट फिरवले, इंजिन बंद केले. पण जुन्या गाड्यांत हॉर्नची वीज पुष्कळदा किल्लीच्या ताब्यात नसते. त्या अरुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या दुकानांमधून तो आवाज असा काही भरून राहिला की 'राम नाम सत्य है' हे शब्द त्यात बुडून गेले. खांदेकरी थांबले. पुढे अग्नीचे मडके घेऊन चाललेल्या मुलाने मागे वळून पाहिले. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याच्या पाहण्यात राग असता तर मला सोपे गेले असते. राग नव्हता. त्याने गाडीकडे पाहिले, मग खांदेकऱ्यांकडे पाहिले, आणि हाताने त्यांना बाजूला होण्याची खूण केली. ती तिरडी माझ्या मोटारीसाठी गटाराच्या कडेला सरकली.

समोरच्या दुकानातले एक वृद्ध बोहरा गृहस्थ पक्कड घेऊन धावत आले, बॉनेट उघडवून त्यांनी तार तोडली. सगळे मिळून दीड मिनिट झाले असेल. रस्ता मोकळा होता, पण मी गेलो नाही.

काकांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "उठावन्याला जा." माळव्यात तिसऱ्या दिवशी उठावना असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. मी पत्ता काढून गेलो, मागच्या रांगेत सतरंजीवर बसलो आणि निघताना त्या मुलापुढे हात जोडले. तो म्हणाला, "आपने थोड़े ही बजाया था, भाई साहब. वो तो अपने आप बज गया." त्याच्या या चांगुलपणाने मी हलका होऊन घरी आलो. काकांनी मात्र उलटतपासणी केली. वळणावर ती कुरकुरायला कधीपासून लागली होती? गणपतीपासून. मग मिस्त्रीला का दाखवली नाहीस? मी काय उत्तर देणार? गाडी वळणावर 'पीं' करून जरा थांबायची, तेव्हा घरातली मुले म्हणत, आपली गाडी वळताना नमस्कार करते, आणि त्या गमतीत तीन महिने गेले होते. काका म्हणाले, "म्हणजे 'अपने आप' नव्हे." एवढे बोलून त्यांनी विषय संपवला. निष्काळजीपणाचा गुन्हा हेतूच्या गुन्ह्याहून हलका असला तरी गुन्हाच, हे त्यांनी जन्मभर कोर्टात कधी मांडले होते तर कधी खोडून काढले होते.

माझ्या मनात मात्र विषय संपला नाही, आणि तो काकांच्या मुद्द्यावर अडलेलाही नव्हता. ज्या चौकात हे घडले, त्याच चौकातून वीस वर्षे मी गाडी नेत होतो. हातगाडीवाले, शाळकरी मुले, गोपाळ मंदिरातून दर्शन घेऊन उतरणाऱ्या म्हाताऱ्या बायका, सायकलवर दुधाच्या कॅना लादलेले गवळी, या सर्वांवर मी हॉर्न वाजवला होता, जाणूनबुजून, दिवसातून कितीदा तरी. त्यांतल्या एकाकडेही मी माफी मागायला गेलो नव्हतो. जो हॉर्न मी वाजवला नाही, त्या एकाच हॉर्नची मी माफी मागितली. हे नीतीचे लक्षण म्हणावे की शिष्टाचाराचे?

कोणी म्हणेल, तिथे मृत्यू होता, इतरत्र नुसती घाई होती. ते खरे आहे. पण त्या मुलाने हाताने जी खूण केली, ती पुन्हा पाहावी. त्याने काही वेगळे केले नाही. हॉर्न ऐकून आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक पायी चालणारा जे करतो, तेच त्याने केले. आवाज कोणाचा आहे, कशासाठी आहे, त्याला हक्क आहे की नाही, हे न विचारता बाजूला होण्याची सवय त्याच्या अंगात होती. ती सवय माझ्यासारख्यांनीच त्याला लावली होती. तिरडी खांद्यावर असतानाही ती सुटली नाही, एवढेच त्या सकाळी दिसले.

आपल्या बोलण्यात हॉर्नला तीन क्रियापदे लागतात. हॉर्न वाजवणे, हॉर्न देणे आणि हॉर्न मारणे. पहिले वाद्याचे, दुसरे दानाचे आणि तिसरे प्रहाराचे. आम्ही माळव्यातले मराठी लोक हिंदीच्या सहवासामुळे 'मारणे' अधिक वापरतो की काय, अशी मला शंका होती. पण पुण्या-मुंबईचे नातेवाईकही तेच म्हणताना ऐकले आणि शंका फिटली. वाजवणारा समजतो, मी दिला. ऐकणाऱ्याला तो मारलेला असतो.

असे का व्हावे? एक कारण श्रमाशी निगडित आहे असे मला वाटते. ज्यांचे बालपण उज्जैनच्या टांग्यांत गेले आहे त्यांना आठवत असेल, गर्दी लागली की टांगेवाला चाबकाचा दांडा फिरत्या चाकाच्या आऱ्यांवर धरी आणि कडकड असा आवाज काढी. त्याने भागले नाही तर गळा काढून ओरडे. शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञाने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर एक स्वतंत्र निबंध लिहून संताप व्यक्त केला आहे. विचार करणाऱ्या डोक्याचा त्या आवाजाने खून होतो, असा त्याचा एकंदर रोख. तो खिडकीच्या आत बसून ऐकत होता. गाडीवानाच्या जागी बसून पाहिले तर वेगळे दिसते. टांगेवाल्याचा गळा दुखतो, म्हणून तो गरजेपुरताच ओरडतो. पहिल्या मोटारींना रबरी फुग्याचे पितळी भोंगे असत. तेही हाताने पिळावे लागत, आणि हात काही काळाने थकतो. अमेरिकेतल्या मिलर रीझ हचिसन या संशोधकाचा क्लॅक्सन १९०८ च्या सुमारास बाजारात आला. किंचाळणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याचे नाव घेतले होते, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूची सूचना देण्यासाठी खंदकांत तेच क्लॅक्सन वापरले गेले. मौजेची बाब अशी की याच हचिसनने त्याआधी बहिऱ्यांसाठी विजेचे श्रवणयंत्र तयार केले होते. विजेबरोबर आवाज आणि श्रम यांची फारकत झाली. आता बोट हलके टेकवले तरी आवाज पुरा येतो आणि बोट कधीच थकत नाही. शिवाय हॉर्नचे तोंड पुढे असते, बॉनेटखाली. काचा वर केल्या की गाडीच्या परिसरात तो आवाज सर्वांत कमी ज्याला ऐकू येतो तो वाजवणारा. आपल्या बोलण्याचा त्रास आपल्याला सर्वांत कमी व्हावा, अशी सोय माणसाने स्वतःसाठी इतर कोठे करून ठेवल्याचे मला आठवत नाही.

जुन्या मोटारींच्या मालकांना, म्हणजे आम्हाला, भोंग्याचे भारी कौतुक असते. त्याची परिसीमा पाहायची तर १९१० सालच्या कलकत्त्याला जावे. रॉबर्ट मॅथ्यूसन नावाच्या एका श्रीमंत साहेबाने इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या ब्रूक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली. हंसाच्या चोचीतून वाफ निघे, आणि हॉर्नच्या जागी ऑर्गनच्या आठ नळ्या होत्या. मागच्या आसनावर बसून पट्ट्या दाबल्या की इंजिनच्या धुराच्या जोरावर त्या वाजत. पहिल्याच फेरीत रस्त्यावर अशी धावपळ उडाली की पोलिसांना मध्ये पडावे लागले. ती मोटार आज हॉलंडमधल्या हेग शहरी लाऊमन संग्रहालयात आहे, आणि तिला पाहायला लोक तिकीट काढून जातात. रस्त्यावर जी दहशत होती, ती संग्रहालयात करमणूक झाली. मोटारींच्या मेळाव्यात हेच होते. मुले येऊन म्हणतात, वाजवून दाखवा ना. पितळी भोंगा 'पों' करतो आणि सगळे हसतात. आवाज गोड असतो म्हणून नव्हे. त्या आवाजाला त्या क्षणी कोणाकडून काही नको असते.

म्हणूनच २०२१ साली नाशिकच्या एका समारंभात नितीन गडकरी यांनी हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन अशा वाद्यांचेच सूर यावेत असा कायदा करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा मला तो विचार सहृदय वाटला, पण पटला नाही. हुकूम बासरीवर दिला म्हणून त्याची विनंती होत नाही. उलट बासरी ऐकली की दचकून बाजूला होण्याची सवय लोकांना लागेल.

सूचना देणारा प्रत्येक आवाज हुकूमच असतो, असेही नाही. हे समजायला उज्जैनच्या माणसाला दूर जावे लागत नाही. श्रावण-भाद्रपदातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते, तिच्या पुढे कडाबीन उडते. कडाबिनीचा आवाज कोणत्याही हॉर्नपेक्षा मोठा. तिचा अर्थही तोच: येत आहे. पण तो आवाज ऐकून पटनी बाजारातले लोक दारातून, गच्चीवरून, गल्लीबोळांतून पुढे येतात. हॉर्न ऐकून मागे सरतात. कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हाही लोक तिच्याकडे येतात. 'मी येतो आहे' या एकाच वाक्याचे हे दोन अर्थ आहेत, आणि ते आवाजाच्या पट्टीवरून ठरत नाहीत.

कालिदासाला हे ठाऊक होते. 'मेघदूता'त यक्ष मेघाला याच नगरीतून पाठवतो आणि गर्जना कुठे करावी, कुठे करू नये, हे बारकाईने सांगतो. महाकालाच्या सायंपूजेच्या वेळी खुशाल गर्ज, तुझ्या गर्जनेचा नगारा होऊ दे. पण रात्री अंधाऱ्या राजमार्गावरून प्रियकराकडे निघालेल्या स्त्रिया दिसल्या तर त्यांना विजेच्या रेषेने वाट दाखव, गर्जू नकोस, त्या भित्र्या आहेत. ट्रकच्या पाठीवर रात्री डिपर वापरा असे लिहिलेले वाचले की मला हटकून हा श्लोक आठवतो. प्रकाश द्यावा, आवाज देऊ नये, हा वाहतुकीचा नियम या गावच्या रस्त्यांसाठी दीड हजार वर्षांपूर्वीच सांगून झाला आहे. आपण मात्र तो काव्यगुण म्हणून परीक्षेत लिहून मोकळे झालो.

त्या अंत्ययात्रेनंतर मी तार जोडून घेतली नाही. चार महिने गाडी हॉर्नवाचून चालवली. त्यामागे प्रायश्चित्ताचा भाव होता, आणि थोडा अहंकारही. पहिल्या आठवड्यात उजवा अंगठा दर मिनिटाला बटनाकडे जाई. मग लक्षात येऊ लागले की तो जातो त्या क्षणी पाय ॲक्सिलरेटरवरच असतो. म्हणजे इतकी वर्षे मी आधी वाजवत होतो आणि मग, समोरचा हललाच नाही तर, नाइलाजाने ब्रेक दाबत होतो. पुढे काय होईल याची काळजी घेण्याचे काम माझे होते. बटन दाबून मी ते त्याच्या कानांवर सोपवत होतो. तेव्हापासून मला वाटते की हॉर्नचा न्याय कानाने करू नये, पायाने करावा. पाय ब्रेकवर असताना वाजलेला हॉर्न म्हणतो, मी थांबतो आहे, तरी जरा जपा. पाय ॲक्सिलरेटरवर असताना वाजलेला हॉर्न म्हणतो, मी थांबणार नाही, तुमचे तुम्ही पाहा. दोन्हींचा आवाज अगदी सारखा असतो. बाहेरच्याला फरक कळत नाही, पोलिसाला कळत नाही, आवाज मोजणाऱ्या यंत्रालाही कळत नाही. तो एकट्या चालकाला कळू शकतो, आणि त्यालाही क्वचितच.

या निष्कर्षावर मी खूश होतो. हॉर्न ही दुर्बळाची आणि उर्मटाची गरज आहे, असे मी मित्रमंडळींत बोलूही लागलो होतो. अशात फ्रीगंजच्या एका गल्लीत, मी अगदी सावकाश येत असताना, एक आजीबाई दारातल्या तुळशीला पाणी घालून उलट्या पावली रस्त्यात आल्या. पाठ माझ्याकडे. मी ब्रेक दाबला, पण जुन्या गाडीचा ब्रेक जुना असतो. अंगठा बटनावर गेला. तिथे काही नव्हते. खिडकीतून डोके काढून मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "आजी!" का कोण जाणे, तोंडातून मराठीच आले. त्या थबकल्या. गाडी त्यांच्या पदरापासून हातभर अंतरावर उभी राहिली. त्यांनी वळून मला, मग गाडीला, आपादमस्तक न्याहाळले आणि माळवीत विचारले, "गाड़ी में होरन नी हे कई?"

मी काही बोलू शकलो नाही. छत्री चौकात माझ्या आवाजाने तिरडी गटाराकडे सरकली होती, आणि येथे माझ्या मौनाने एक म्हातारी चाकाखाली जात होती. मौन हे माझे व्रत होते. त्याची किंमत भरणार होती ती. ज्याचा भार दुसऱ्याच्या हाडांवर पडतो, ते व्रत कसले? निष्काळजीपणाचा काकांचा मुद्दा मला तेव्हा दुसऱ्यांदा भेटला, आणि या खेपेस माझ्या सद्गुणाच्या वेषात. कायद्याने मोटारीला हॉर्न असलाच पाहिजे, हेही मी त्या चार महिन्यांत सोयीस्करपणे विसरलो होतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात वस्तीत हॉर्न वाजवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितले आहे. इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतचा शांतता विभाग २००० सालच्या नियमांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्नला पहिल्या खेपेस हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड ठरला. २०२० च्या आरंभी मुंबईच्या पोलिसांनी निवडक सिग्नलांवर अशी योजना केली की गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ती युक्ती पाहून मी मनापासून हसलो होतो. हे सर्व योग्यच आहे. पण 'विनाकारण' या शब्दाचा अर्थ लावायला कायद्याजवळ डेसिबलवाचून साधन नाही, आणि माझ्या अंत्ययात्रेतला हॉर्न व आजीबाईंसाठी न वाजलेला हॉर्न यांत त्याने मला नेमके उलटे पकडले असते.

काकांना आजीबाईंची हकीकत सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्या मिस्त्रीला बोलाव."

मिस्त्री आला. त्याने दांड्यातली जुनी तार ओढून काढली. तिचे आवरण दोन ठिकाणी सोललेले होते. नवी तार घातली, टोके बांधली, बॉनेट लावले आणि हात पुसत म्हणाला, "लो बाबूजी, बजा के देखो." मी आत जाऊन बसलो. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. गल्लीत दोन्ही बाजूंना नजर टाकली, कोणी नव्हते. तरी मी आधी काच खाली केली.